शनिवारचा भाव

भांडवल म्हणजे शेवटी धीर. हे वाक्य खोकेवाल्याच्या मेहुण्याचं. तो कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा, आणि त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेलं सगळ्यांत मोठं यंत्र म्हणजे मिक्सर.

खोकेवाल्याकडे पुठ्ठा कापायचं एकच यंत्र होतं. त्याच्या लग्नाइतकं जुनं आणि तितकंच कुरकुरणारं. अलीकडे ते तिरकं कापायचं. नव्यासाठी पैसे बाजूला काढलेले होते. पण मेहुण्याने समजावलं, भाव उतरत असेल तर आज घेणारा मूर्ख, चढत असेल तर उद्या घेणारा. तेव्हापासून खोकेवाला दर शनिवारी विक्रेत्याला फोन करून भाव विचारी आणि कारखान्याच्या भिंतीवर खडूने टिंब देई.

भाव उतरला, तेव्हा अजून उतरेल म्हणून तो थांबला. चढला, तेव्हा ही सूज आहे, ओसरेल, असं मेहुणा म्हणाला. जागचा हलेना, तेव्हा तर दोघांनाही संशय आला. तीन वर्षांत टिंबांची रेघ दारापर्यंत पोचली. या रेघेपेक्षा आपलं यंत्र सरळ कापतं, असं यंत्र चालवणारा मिस्त्री म्हणे.

कारखान्याचं पाऊण काम एका औषध कंपनीचं. एके दिवशी तिथला साहेब आला आणि शांतपणे एक खोकं मिटून दाखवू लागला. ते मिटेना. महिनाभरात नीट खोकी द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो, एवढंच बोलून तो गेला.

"भाऊ माझाच आहे म्हणून सांगते," बायको म्हणाली, "त्याचं ऐकू नका."

खोकेवाल्याने लगेच फोन लावला.

विक्रेता गोंधळला. "आज मंगळवार ना?"

"भाव नकोय. यंत्र हवंय."



"दादा, ते मॉडेल बंद होऊन दोन वर्षं झाली."

"मग दर शनिवारी भाव कसला सांगत होतात?"

"पेपरात पोलादाचा भाव बघून अंदाजाने सांगायचो. तुम्ही इतक्या आस्थेने विचारायचात, नाही म्हणवेना."

नवं मॉडेल दुपटीचं होतं, आणि यायला आठ महिने. महिना संपला तशी कंपनी गेली, तिच्यामागे मिस्त्री. भंगारवाला आला त्या दिवशी मेहुणाही हजर होता. लोखंड चढतंय, शनिवारपर्यंत थांबावं, असं त्याचं मत पडलं.

खोकेवाल्याने यंत्र काट्यावर चढवलं. अकराशे चाळीस किलो भरलं.