मूल्यांकनाची रंगीत तालीम

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचे दार उघडताच संशोधिकेच्या चपला पाण्यात बुडाल्या. कोपऱ्यातला मोठा फ्रीझर, ज्याच्या अखंड कण्हण्यामुळे सगळे त्याला ‘आजोबा’ म्हणत, चिडीचूप उभा होता. त्याच्या पोटात नवजात बाळांच्या नाळेतले रक्त तिने वर्षानुवर्षे उणे ऐंशी अंशांवर जपले होते. ती बाळे आता शाळेत जात होती. त्यांचे जन्मवेळचे रक्त पुन्हा कोठून आणणार?

“आजोबांना कुणी बंद केलं?”

“अगं, मीच,” टाय सारखा करीत आत आलेले संचालक म्हणाले. “मूल्यांकन समितीपुढच्या भाषणाची शनिवारी शेजारी रंगीत तालीम होती. म्हातारा सारखा कण्हायचा. म्हटलं, घटकाभर झोपू दे. उठवायचं राहूनच गेलं बघ.”

“आणि धोक्याची घंटा?”

“तीही बंद केली. केवढी कोकलते!”

तिच्या मस्तकात तिडीक उठली. नमुन्यांच्या काटेकोर जपणुकीचे गोडवे गाणाऱ्या भाषणापायी नमुन्यांचाच जीव गेला होता.

“आता तमाशा नको,” संचालकांनी बटण दाबले. आजोबा कण्हू लागले. “उद्यापर्यंत सगळं गोठेल. कुणाला काय कळतंय? समिती जिन्यात आहे.”

“नासक्या रक्तावरून मी निष्कर्ष काढू? आणि त्यांवर विसंबून डॉक्टरांनी तान्ह्या बाळांना औषधं द्यायची?”

“लेकी, संस्थेची मान्यता पणाला लागलीय!”

“लेक म्हणू नका. लेकीचा गळा असा दाबत नाहीत.”

तेवढ्यात समितीचे अध्यक्ष सहकाऱ्यांसह आत आले. “नमुने सुस्थितीत ना?”

“अगदी!” संचालक म्हणाले.

“नाहीत,” ती म्हणाली. “सगळे वितळले. या रक्तावरचा माझा अभ्यास मी आजच मागे घेतेय, आणि कारणही जाहीर करणार आहे.”

संचालकांचा चेहरा खर्रकन उतरला. अध्यक्षांनी मात्र चष्मा पुसून फ्रीझरच्या दारावर चिकटवलेली नियमावली शांतपणे वाचली.

“कार्यपद्धती ठरलेली आहे, ठळक लावलेली आहे. आम्ही तेवढंच पाहतो, बाई. बाकी तुमचा घरचा मामला.”

तिने प्रयोगशाळेच्या दारावरचा समितीच्या स्वागताचा कापडी फलक एका हिसक्यात ओढला, जमिनीवर टाकला आणि ती गुडघ्यांवर बसून त्यानेच पाणी पुसू लागली. पुसत पुसत ती अध्यक्षांच्या चकचकीत बुटांपर्यंत पोहोचली. बूट हलेनात.

“पाय उचला, साहेब,” ती म्हणाली. “पाणी तुमच्याही खालून वाहतंय.”