त्र्याऐंशी सालचं दोन पेन्सचं नाणं

मुरलीधर आखातात, फुजैराच्या एका ऑइल टर्मिनलवर कामाला होता. तिथले त्याचे इंग्रज साहेब १९९८ साली रिटायर होऊन मायदेशी निघाले, तेव्हा मुरलीधरच्या मुलीला, अस्मीला, जुन्या ब्रिटिश नाण्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा देऊन गेले. अस्मी दोन दिवस खेळली आणि विसरली.

पुढं स्टोअर्समधला युसुफ घरी चहाला आला. हैदराबादचा माणूस, नाण्यांचा भारी नाद. त्यानं सगळा डबा चाळला आणि एकच नाणं भिंगाखाली धरलं. बाकीची काळपट, हे नवंकोरं.

"मुरलीभाई, ये तिरासी का है. उस साल 'टू पेन्स' लिखते थे. इस पे पुराना 'न्यू पेन्स' है, गलती से बना हुआ. दुबई में एक जानकार है, दिखाके लाऊँ?"

"शनिवार को देता हूँ," मुरलीधर म्हणाला. पण युसुफ गेल्यावर त्याच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. साधं 'टू पेन्स' परत आणून 'माझी वाचण्यात चूक झाली' म्हणाला तर काय करणार? त्यानं बायकोला, सुमेधाला, विचारलं.

"अहो, त्याला लाटायचंच असतं तर गप्प राहून सगळा डबा मागितला नसता का?" सुमेधा म्हणाली.

मुरलीधरला ते पटलं नाही. त्यानं सुई घेतली आणि नाण्यावरल्या राणीच्या मानेखाली बारीकशी रेघ ओढली. खूण असलेली बरी. शनिवारी नाणं युसुफच्या हाती दिलं.

त्यानंतर युसुफ चार दिवस ऑफिसात फिरकला नाही. 'पळाला,' मुरलीधरनं मनाशी ठरवूनच टाकलं.

पाचव्या दिवशी युसुफ दारात उभा. त्यानं नाणं टेबलावर ठेवलं. तेच होतं, रेघेसकट.

"असली है. साफ होता तो चार सौ पाउंड तक जाता."

म्हणजे चोवीसशे दिरहम, सत्तावीस-अठ्ठावीस हजार रुपये. सुमेधा खुर्चीत बसली.

"लेकिन ताज़ी खरोंच है. अब साठ भी मुश्किल," युसुफ मान खाली घालून म्हणाला. "उस दिन नहीं थी, मैंने देखा था. मेरे ही हाथ से लगी होगी. शरम के मारे चार दिन छुट्टी पर रहा. जो नुकसान हुआ, तनख़्वाह से थोड़ा-थोड़ा दे दूँगा."

गप्प बसलं असतं तर निभावून गेलं असतं. सुमेधा नवऱ्याकडे बघत होती.

"खरोंच मैंने की," मुरलीधर म्हणाला. "कहीं बदल न जाए, इसलिए."

युसुफनं ते ऐकून घेतलं. रागावला नाही. "अच्छा," एवढंच म्हणून चहा न घेता जिना उतरून गेला.

ईदला तो अस्मीसाठी शीरखुर्मा घेऊन आला. सुमेधानं आत बोलावलं, तर "जल्दी में हूँ, भाभी," म्हणत डबा तिच्या हाती देऊन दारातूनच परतला. मुरलीधर तिच्या मागंच उभा होता. हाक मारायला तो दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला.