बाराव्या भागातला कोट

घरात चार-चार ॲप आणि बघायला काही नाही! मंडळी, हसू नका. तुमच्याकडे तरी वेगळं काय चाललंय?

म्हातारा शिंपी रिमोट दाबून दाबून घामाघूम झाला होता. शेजारी त्याची बायको मांडीवर हात ठेवून बसली होती. तिचा विसरण्याचा आजार इतका बळावला होता, की सकाळी ती नवऱ्याकडेही परक्यासारखी बघायची. पण दुपारी चारला एक जुनी मालिका लागली, की बाई भानावर यायच्या. त्या मालिकेचे कपडे या जोडप्यानेच शिवले होते. बाराव्या भागात नायक करडा कोट घालून जिना उतरतो. कोट नवऱ्याने शिवलेला, काजं बायकोने केलेली. नायक जिना उतरला, की ती नवऱ्याला कोपराने ढोसायची, "अहो, तिसरं काज बघा. दोनदा उसवलं होतं मी!"

त्या एका 'अहो'साठी म्हातारा रोज तोच भाग लावायचा. आज तो भाग सापडेना.

मुलगी कामावरून आली. अशाच एका ॲपच्या ग्राहक सेवेत ती दिवसभर फोन घ्यायची. तिने रिमोट हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, या ॲपचा मालिकेचा करार संपला. मालिका आता दुसऱ्या कंपनीकडे गेली."

"मग त्यांचं घेऊ. एवढं काय!"

घेतलं. दोन महिन्यांत मालिका तिसरीकडे गेली. तेही घेतलं. मग दोन कंपन्यांची हक्कांवरून जुंपली, कोर्टकचेरी झाली आणि मालिका कुठेच दिसेना.

"आपल्या डिस्क होत्या ना गं?" म्हाताऱ्याने हळूच विचारलं.

मुलीने रिमोट खाली ठेवला. निर्मात्याने भेट दिलेली अख्खी पेटी तिनेच आवराआवरीत भंगारवाल्याला दिली होती. वर तोऱ्यात म्हणाली होती, "आता सगळं ऑनलाइन मिळतं, बाबा. कशाला हा पसारा?"

दुसऱ्या दिवशी ती बाजारातल्या जुन्या डिस्कवाल्याकडे गेली. त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकत होती.

"काका, कुठे तरी एखादी डिस्क असेल हो!"

"नाही गं बाळा. सगळ्यांनी एकदमच टाकून दिल्या."

"पण कंपन्या वाढल्या की गिऱ्हाइकाचा फायदा, असंच सगळे म्हणत होते ना? आमच्या ऑफिसात तर भिंतीवर लिहिलंय."

काका कडवट हसला. "दोन दुकानांत एकच साबण असेल, तर दुकानदार गिऱ्हाइकासाठी भांडतात. तिथे तुझा फायदा! इथे एकाने एक मालिका कोंडलीय, दुसऱ्याने दुसरी. तू सगळ्यांच्या दारात उभी! आणि तुला वाटलं, ते तुझं आहे. अगं, तुझं होतं ते तू भंगारात दिलंस."

ती रिकाम्या हातानेच घरी परतली.

आठ महिने गेले. आई आता स्वयंपाकघराचा रस्ताही विसरायला लागली. आणि एका सकाळी चौकात भलामोठा फलक झळकला, 'तुमची लाडकी मालिका, फक्त आमच्याकडे!' मुलगी धावतच घरी आली. चारच्या ठोक्याला तिघं टीव्हीसमोर बसली. बारावा भाग लागला. जिना आला, नायक आला, करडा कोट आला!

म्हाताऱ्याने श्वास रोखून बायकोकडे पाहिलं. ती टक लावून बघत होती. तिचा अंगठा बोटावर फिरत होता, सुई धरल्यासारखा.

"छान आहे कोट," ती म्हणाली. मग अदबीने नवऱ्याकडे वळली, "कोणी शिवला असेल हो, साहेब?"

मुलगी तोंडात पदर कोंबून आत पळाली. आठ महिन्यांपूर्वी आई 'अहो' म्हणत होती! ते आठ महिने आता कोणती कंपनी परत देणार?

दुसऱ्या दिवशी कामावर पहिलाच फोन एका आजींचा आला. "ताई, माझी मालिका कुठे गेली गं?" समोर कागदावर कंपनीने लिहून दिलेलं उत्तर तयार होतं. तिने तो कागद उलटा करून ठेवला.

"आजी, खरं सांगते. इथलं काहीच तुमचं नाही. आम्ही कधीही काढून घेऊ शकतो. जीव अडकलाय असं काही असेल, तर त्याची डिस्क मिळतेय तोवर विकत घेऊन घरात ठेवा. आणि गप्प बसू नका. शेजारच्यांना घ्या, ग्राहक मंचाकडे लेखी तक्रार करा. एकट्याचं आम्ही ऐकत नाही."

टेबलापलीकडे तिच्या ऑफिसचे साहेब कान टवकारून उभे होते. असू देत!

मंडळी, तुम्हालाही हेच सांगायचंय. दुकानं वाढली म्हणून हुरळून जाऊ नका. आपल्या हातात काय उरलं, ते आधी बघा. आणि आपल्या माणसाचं सुख दुसऱ्याच्या कुलपात ठेवू नका.

म्हातारा आजही चारला बारावा भाग लावतो आणि बायकोच्या कोपराला लागेल इतका जवळ सरकून बसतो.