आमेनच्या आधी

अ‍ॅब्नर पोटीटने दाराच्या फटीला डोळा लावला आणि अंगणात शिरणाऱ्या बारा घोडेस्वारांचे कोट शिंप्यासारखे निरखून पाहिले.

"कुठले?" मागून ड्रुसिलाने विचारलं. तिचे हात मक्याच्या पिठाने माखलेले होते.

"निळे."

"निळे हल्ली सगळेच असतात."

ते खरंच होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या तिसऱ्या वर्षी मिझुरीच्या त्या पट्ट्यात उत्तरेच्या सरकारचे शिपाई निळे कोट घालून हिंडत. आणि दक्षिणेच्या बाजूने झुडुपांत दबा धरून लढणारे झुडुपवाले त्या शिपायांना गोळी घालून, त्यांचेच कोट अंगात चढवून हिंडत. दोघेही दारात येऊन एकच प्रश्न विचारत, तू कुणाच्या बाजूचा? उत्तर चुकलं की जवळच्या झाडाला फास. पलीकडच्या वस्तीवरच्या पाद्रीबुवांनी 'देवाच्या बाजूचा' असं सांगून पाहिलं होतं. त्यांची रवानगी लगेच तिकडेच झाली.

म्हणून पोटीट नवराबायकोने एक युक्ती बसवली होती. कोटाला गोळीचं भोक शोधायचं. भोक म्हणजे कोट मेलेल्याचा, आणि मेलेल्याचा कोट घालणारा म्हणजे झुडुपवाला. युक्ती आजवर दोनदा लागू पडली होती, आणि दोघेही जिवंत असल्याने तिच्यात खोट काढायला जागा नव्हती.

"पुढच्याच्या छातीवर आहे," अ‍ॅब्नर कुजबुजला. "काळ्या दोऱ्याने रफू केलंय."

"मग दक्षिण म्हणा."

"घशात अडकतं गं."

"अडकू दे, पण म्हणा. आणि हायरमचं नाव काढू नका."

हायरम त्यांचा मुलगा. उत्तरेच्या फौजेत होता. त्याची पत्रं ड्रुसिला दोनदा वाचायची आणि चुलीत घालायची.

अ‍ॅब्नर बाहेर गेला. रफूवाला कॅप्टन पंचविशीचा होता, तोंडावर झोप.

"कुणाच्या बाजूचे, काका?"

"दक्षिणेच्या," अ‍ॅब्नर म्हणाला. "हाडामांसाने." हाडामांसाचं कुणी विचारलं नव्हतं.

कॅप्टनने डोळे चोळले.

"पुन्हा सांगता का? कधी कधी माणूस गडबडीत बोलतो."

अ‍ॅब्नरला वाटलं, याला कमी ऐकू येतं. तो पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाला.

दोन शिपाई उतरले आणि त्यांनी त्याचे हात धरले, तेव्हा ड्रुसिला पिठाच्या हातांनीच धावत बाहेर आली. ती सगळं एका दमात बोलली. हायरम, त्याची पलटण, युक्ती, भोक.

कॅप्टनने भोकावर बोट ठेवलं. "हा माझ्या भावाचा कोट. आईने रफू केला. सरकारकडे नवे नाहीत."

"मग तुम्हाला पटलं ना?"

"पटलं, बाई." तो खरंच तसं म्हणाला. "पण अकरा जणांनी ऐकलंय. दोनदा. त्यांतल्या चौघांचे भाऊ झुडुपवाल्यांनी मारलेत. मी यांना सोडलं तर उद्या माझ्याच बाजूचा प्रश्न निघेल. मुलाचं एखादं पत्र आहे?"

"जाळली."

"सगळेच जाळतात," कॅप्टन म्हणाला.

आतून मक्याच्या भाकरीचा वास आला. एक मिशाळ शिपाई खाकरला.

"साहेब, काल सकाळपासून पोटात काही नाही. ते काय, जेवणानंतरही होईल."

कॅप्टनला शरम वाटली, पण भूकही होती. त्याने ड्रुसिलाकडे पाहिलं. तिने मान डोलावली आणि आत जाऊन ताटल्या मांडायला घेतल्या. अ‍ॅब्नरलाही बसवलं, त्याला एकट्याला बाहेर उभं करणं बरं दिसलं नसतं. "काका, मीठ इकडे द्या," मिशाळ म्हणाला, आणि अ‍ॅब्नरने दिलं.

टोप्या उतरल्या. "घरधनी तुम्ही आहात," कॅप्टन म्हणाला. "प्रार्थना तुम्हीच म्हणा."

तेरा माना खाली गेल्या. अ‍ॅब्नरने अन्नासाठी देवाचे आभार मानले. मग पाण्याचे. मग गाईचे, तिच्या दोन्ही वासरांचे, ओढ्याचे. पाहुण्यांना सुखरूप ठेव म्हणाला, त्यांच्या आयांना, त्यांच्या घोड्यांना. आमेनच्या आधी चमचा उचलायची कुणाची हिंमत नव्हती. बाराच्या बारा जण चांगल्या घरचे होते. रश्श्यावर साय धरू लागली.

तो नातेवाइकांवर आला. मोठी बहीण, तिचा नवरा, दोन चुलते. मग त्याला पुढची नावं आठवेनात, आणि खोलीत कुणाच्या तरी पोटाचा गुरगुराट ऐकू आला.

"सेंट जोसेफ गावची मावशी," ड्रुसिला त्याच्या खांद्यामागून हळूच म्हणाली.

"आणि सेंट जोसेफ गावची मावशी," अ‍ॅब्नर म्हणाला.

कॅप्टनने मान वर केली नाही.

"तिच्या तिन्ही मुली."

"आणि तिच्या तिन्ही मुली."

खरी माणसं संपली होती.

"इझ्रामामा," ती म्हणाली.

अ‍ॅब्नरला मामा नव्हता.

"आणि इझ्रामामा," तो म्हणाला.