हाक

"ये इकडे!" फोरमन गरजले. डाग्या टेबलाखाली अंग चोरून बसला आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

"बघा, माज आहे नुसता."

"माज नाही, काका," कुत्र्यांना शिकवणारी बाई म्हणाली. "तोंड फिरवतोय म्हणजे भांडण नको म्हणतोय. काल चप्पल फाडली, तेव्हा काय केलंत?"

"हाक मारली. आला. दिली एक ठेवून."

"म्हणजे आला होता."

"मग?"

"चप्पल त्याच्या डोक्यातून केव्हाच गेली होती. मार मिळाला तो आल्याबद्दल."

फोरमन निवृत्त झाले होते, पण आवाज अजून कारखान्यातल्या लेथ यंत्रांच्या गोंगाटावर चढवलेलाच होता. "माझ्या खात्यात काम बिघडलं की हाक जायची. चांगलं चाललं असेल त्याला कशाला बोलवायचं?"

"घरीही तसंच होतं," दाराशी उभी असलेली त्यांची मुलगी म्हणाली. तिच्या हातात पट्टा होता. आज डाग्या हाकेला आला नाही, तर ती त्याला आपल्या घरी नेणार होती. तसं ठरलंच होतं.

"तू तोंड घालू नकोस!"

डाग्या आणखी आत सरकला.

बाईने त्यांच्या हातावर पावाचा तुकडा ठेवला. "खाली बसा. त्याच्याकडे एक बाजू करून. बघू नका, बोलू नका. आला की पाव द्या, एवढंच."

"माझ्याच घरात कुत्र्यापुढे लोटांगण घालू? शिकवायला आलीस की माझी शोभा करायला?"

"बाबा, बसा ना एकदा."

"नाही बसत. ने! उपकार होतील."

मुलगी दारातच उकिडवी बसली. डाग्या पोट घासत तिच्यापर्यंत गेला. तिने पट्टा अडकवला. बाई पिशवी घेऊन आधीच जिन्यात गेली होती.

दार उघडंच राहिलं. फोरमननी टेबलाची कड धरली, एक गुडघा टेकला, मग दुसरा. दाराकडे एक बाजू करून ते फरशीवर बसले. नजर समोरच्या भिंतीवर, तळहात उघडा, त्यावर पाव.

जिना उतरणाऱ्या डाग्याच्या नखांचा आवाज थांबला.

ते काही बोलले नाहीत. मान वळवली नाही.

"चल रे," खालून मुलीचा आवाज आला.

नखं पुन्हा वाजू लागली, एकेक पायरी खाली. फोरमन तसेच बसून राहिले, हात जराही न हलवता.