धाकट्या जावेची भाकर

मास्तरीणबाईंना उत्तर देता येणार नाही असा प्रश्न अजून जन्माला यायचा होता. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांना चर्चमध्ये त्याच शिकवत, आणि यंदा समोर बसली होती त्यांची होणारी सून. लेकानं बजावलं होतं, "आई, तिला पटलं तरच ती बाप्तिस्मा घेणार. माझ्याखातर नाही." बाईंना त्यात काळजीचं काही दिसेना. न पटायला झालंय काय?

मटार सोलता सोलता त्यांनी विषयाला हात घातला. येशू सुताराच्या घरात वाढला, लोकांनी दूर ठेवलेल्यांच्या पंगतीला बसला, आणि रोमी सत्तेनं त्याला क्रूसावर खिळलं. "तिसऱ्या दिवशी तो उठला, हा आमच्या विश्वासाचा कणा. तो काढला तर बाकी सगळं कोलमडतं. देवच माणूस होऊन आला, असं आम्ही मानतो. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, पण देव एकच."

"आणि चर्च?"

"तेव्हा कुठलं चर्च? माणसं एकमेकांच्या घरी जमायची, प्रार्थना करायची, एकच भाकर मोडून वाटून खायची. आपणही रविवारी तेच करतो. भाकर म्हणजे त्याचं शरीर, द्राक्षरस म्हणजे त्याचं रक्त. बाप्तिस्मा झालेल्यांनीच ते घ्यायचं. त्याआधी एकमेकांचा हात धरून 'तुला शांती असो' म्हणायचं. मनात अढी ठेवून त्या भाकरीच्या मेजाकडे जायचं नाही."

सुनेनं जरा विचार केला. "ती भाकर धाकट्या काकूंच्या बेकरीतून येते ना? मग त्यांच्याशी न बोलता तुम्ही ती कशी खाता?"

बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. सासूबाईंचं शिवणयंत्र थोरलीला, म्हणजे त्यांना मिळालं, तेव्हापासून दोघी जावांचा अबोला होता. चर्चमध्येही दोघी दोन टोकांना बसत.

"रविवारी बघ," त्या म्हणाल्या.

"बघते. मग ठरवते."

रविवारी शांतीची वेळ आली तशा बाई तरातरा त्या टोकाला गेल्या आणि त्यांनी हात पुढे केला. काम फत्ते झालंच, अशी त्यांची खात्री होती.

धाकटीनं हाताकडे नुसतं पाहिलं. "सुनेला दाखवायला आलात का, जाऊबाई?" एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं.

बाई जागेवर परतल्या. लाज वाटलीच, पण ते खरं होतं याचं जास्त वाईट वाटलं. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी भाकर मोडली, रांग लागली. एरवी रांगेत पहिला नंबर बाईंचा. आज त्या उठल्या नाहीत.

"आई, तुम्ही जात नाही?" सुनेनं हळूच विचारलं.

"नाही. तुला शिकवलंय ना."

रांगेतून धाकटीनं मागे वळून पाहिलं. मग रांग सोडून ती थेट बाईंच्या बाकाशी आली.

"उठा."

"तुझ्या मनात राग आहे."

"आहे. यंत्राचा आहे आणि आजचाही आहे. पण मी पहाटे उठून मळलेली भाकर तुमच्या घशाखाली उतरणार नसेल, तर मी तरी कशी खाऊ?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटीनं त्यांचं कोपर धरलं आणि दोघी रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

परत आल्या तेव्हा सून सरकून बसली होती. धाकटीही त्याच बाकावर टेकली.

"काकू," सून तिच्याकडे वाकून म्हणाली, "यापुढे भाकर करताना माझाही तुकडा धरा."