रिकामी खुर्ची आणि पितळी शिट्टी

कानांवर हात ठेवू नका, मित्रांनो. आज मी वाजणार नाही, बोलणार आहे. मी पितळेची एक जुनी शिट्टी आहे. माझी कड दातांच्या खुणांनी चेपली आहे. पोटातला बुचाचा गोळा झिजून पुन्हा नवा बसवला आहे. खाऱ्या हवेने माझा सोनेरी रंग केव्हाच मातकट झाला. आवाज मात्र अजून खणखणीत आहे, हे मी थोड्या अभिमानानेच सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे पितळेचा पत्रा कापला, वाकवला आणि डाग देऊन जोडला. एका कारागीर बाईने माझ्या पोटात गोळा बसवला, हवेच्या नळीने मला वाजवून पाहिले आणि ती म्हणाली, "चालेल." मी ऐकलेला तो पहिला शब्द. मग मी खेळाच्या सामानाच्या दुकानात काचेच्या कपाटात बसून राहिले. एखाद्या मोठ्या मैदानावर, पंचाच्या गळ्यात मिरवायचे, असे माझ्या मनात होते. पण मला विकत घ्यायला आला तो एक उंच, सडपातळ, लांब मानेचा माणूस. त्याने मला दुकानातच इतक्या जोरात वाजवले की दुकानदाराच्या हातातला चहा सांडला.

हा माणूस समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक होता. गुडघाभर पाण्यात उभे राहून तो तासन्‌तास हालचाल न करता लाटांकडे बघायचा, म्हणून सगळे त्याला 'बगळा' म्हणत. पालिकेने त्याला दिलेली प्लास्टिकची शिट्टी ओली झाली की घसा बसल्यासारखी वाजे. म्हणून त्याने पदरमोड करून मला आणले आणि दोरीत ओवून गळ्यात घातले.

किनाऱ्यावर एक उंच लाकडी खुर्ची होती. तिच्यावर बगळा बसे आणि खाली वाळूत त्याचा जोडीदार उभा राही. तो गोलमटोल आणि मोठ्या आवाजाचा, म्हणून त्याचे नाव 'ढोल'. मित्रांनो, समुद्राची एक गंमत असते, आणि ती जीवघेणी असते. लाटांनी किनाऱ्यावर आलेले पाणी कुठूनतरी परत जातेच. ते जिथून परत जाते, तिथे लाटा फुटत नाहीत. तिथले पाणी शांत दिसते. लोकांना वाटते, पोहायला हीच जागा बरी. आणि तिथेच पाणी माणसाला आत ओढून नेते. बगळ्याची नजर अशा शांत पाण्यावर असे. कोणी तिकडे वळले की मी वाजलेच.

मी वाजले की लोक तोंड वाकडे करीत. "सुट्टीचा एक दिवस मिळतो, त्यात हा मेला कान किटवतो!" असे कितीदा ऐकले. ढोल चिडायचा. बगळा मात्र शांतपणे म्हणायचा, "शिव्या देऊ दे रे. शिव्या देणारा माणूस जिवंत असतो."

एकदा बँकेतले एक जाडजूड कॅशियर बायकोला आपले धाडस दाखवायला खोल पाण्यात गेले आणि ओढीत सापडले. मी जिवाच्या आकांताने वाजले. बगळ्याने खुर्चीवरून उडी मारली. तो प्रवाहाशी झुंजला नाही. त्याला तिरका छेद देत त्याने कॅशियरांना बाहेर आणले. शुद्धीवर येताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माझा चष्मा कुठे आहे?" सगळा किनारा हसला. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीवर लावायला एक मोठी छत्री घेऊन आले. वर्तमानपत्रात बगळ्याचा फोटो छापून आला. त्यात त्याच्या छातीवर मीही होते, एखाद्या ठिपक्याएवढी. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग दिवस फिरले. जीवरक्षकांचे काम पालिकेने एका ठेकेदाराला दिले आणि काही काळाने पगार थांबला. ठेकेदार म्हणायचा, "पालिकेकडून आले की देतो." पालिकेतले म्हणायचे, "ठेकेदाराला विचारा." दोघांच्या मध्ये हे जीवरक्षक चेंडूसारखे इकडून तिकडे टोलवले जात. तरी ते रोज किनाऱ्यावर येत होते. समुद्राला सुट्टी नसते ना!

रोज संध्याकाळी मी बगळ्याच्या गळ्यात त्याच्या घरी जायची, म्हणून त्या घराचे हाल मी जवळून पाहिले. त्याची बायको शिवणकाम करायची. पूर्वी अंधार पडला की मशीन थांबायचे. आता ते थांबेना. मुलीचे बूट लहान झाले, तेव्हा आईने बुटांची पुढची टोके कापून तिची बोटे मोकळी केली. "आता हे उन्हाळी बूट झाले," असे म्हणत मुलगी हसली. बगळा मात्र जेवता जेवता ताटावरून उठला.

ढोलने एक दिवस बगळ्याला मिठी मारली आणि तो दुसऱ्या गावी ट्रक चालवायला निघून गेला. बाकीचे जीवरक्षकही एकेक करून गळाले. बगळा एकटा उरला. एका दुपारी खुर्चीवर त्याला भोवळ आली. सकाळपासून पोटात काही नव्हते.

त्या संध्याकाळी बायकोने मशीन थांबवले. "मी आजवर काही बोलले नाही," ती म्हणाली. "पण बुडणाऱ्याला तुम्ही काढता. तुम्ही बुडालात तर तुम्हाला कोण काढणार?"

बगळ्याने मला गळ्यातून काढून टेबलावर ठेवले. तिने मला उचलून शिलाई मशीनच्या खणात टाकले. बगळा बर्फाच्या कारखान्यात कामाला लागला. खणात मी बटणे, बॉबिनी आणि मोडक्या सुयांमध्ये पडून राहिले. तिचा मला राग नाही, मित्रांनो. घर सांभाळणाऱ्या माणसाला कधीकधी असे खण बंद करावेच लागतात.

एके दिवशी बगळा कारखान्यातून आला आणि चप्पल न काढता दारातच बसला. त्याचा आवाज मला ओळखू येईना.

"आज रुग्णालयाच्या गाडीत बर्फाच्या लाद्या चढवल्या," तो म्हणाला. "मी सहज विचारलं, कशाला हव्यात? ड्रायव्हर म्हणाला, शवागारातली शीतपेटी बंद पडलीय आणि समुद्रात बुडून गेलेला एक मुलगा आणलाय. बेकरीवाल्या मावशींचा. रंगारी."

त्या मुलाला मी ओळखत होते. दिवसभर भिंती रंगवून तो अंगावरचा चुना धुवायला पाण्यात उतरायचा. त्याला पोहता येत होते. पण शांत पाणी कुठले, हे सांगायला त्या दिवशी किनाऱ्यावर कोणी नव्हते. बायकोने मशीनवर कपडा घेतला, पण सुई खाली आली नाही.

त्यानंतर बरेच दिवस गेले. एका सकाळी कपडे शिवून घ्यायला आलेल्या शेजारणीने सांगितले, "अहो, ऐकलंत का? बेकरीवाल्या मावशी किनाऱ्यावर त्या उंच खुर्चीत जाऊन बसल्यात. पोहता येत नाही बिचारीला. थाळी आणि पळी घेऊन बसल्यात. कोणी पाण्यात शिरलं की थाळी बडवतात. लोक म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय."

शेजारीण गेली आणि माझा खण उघडला. बगळ्याच्या बायकोने मला मुठीत धरले. तिची मूठ घामाने ओली होती. ती तशीच, गळ्यात टेप लटकत असताना, किनाऱ्यावर चालत गेली.

मावशी खुर्चीवर बसल्या होत्या. केस वाऱ्याने विस्कटलेले, मांडीवर थाळी.

"कोण गं तू?" उन्हाने डोळे दिपल्यामुळे मावशींना तिचा चेहरा नीट दिसेना.

"ज्यांची ही खुर्ची आहे, त्यांची बायको."

मला वाटले, आता मावशी ओरडतील. ओरडल्या असत्या तरी कोणी त्यांना बोल लावला नसता.

"मीच त्यांना काम सोडायला लावलं," बगळ्याची बायको म्हणाली. "पगार नव्हता, मावशी. घरात..."

"ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या. "रोज पाव नेणारी तू, एक दिवसाआड न्यायला लागलीस. मला तेव्हाच कळलं होतं. पण मी विचारलं नाही. गावात कोणीच विचारलं नाही." त्यांनी हात पुढे केला. "मुठीत काय आहे?"

मावशींनी मला ओठांना लावले आणि फुंकले. नुसतीच 'फुस्स' हवा गेली. पुन्हा फुंकले, थुंकी उडाली. बगळ्याच्या बायकोने वाजवून पाहिले, तिलाही जमेना. शेवटी मावशींनी डोळे मिटून छातीतले सगळे दुःख एकवटून फुंकर मारली, आणि मी वाजले! किनाऱ्यावरचे सगळे लोक वळून बघू लागले. इतक्या मोठ्याने मी तोवर कधीच वाजले नव्हते.

त्या दिवसापासून खुर्ची रिकामी राहिली नाही. सकाळी न्हावी दुकान उघडण्याआधी येऊन बसू लागला. दुपारी शाळेतल्या पोहण्याच्या बाई येऊ लागल्या. चष्मेवाले कॅशियर निवृत्त झाले होते, ते दुर्बीण घेऊन हजर झाले. पण मावशी शहाण्या होत्या. त्या सर्वांना म्हणाल्या, "आपण बघू शकतो, ओरडू शकतो. बुडणाऱ्याला बाहेर काढायला ज्याला कळतं तोच माणूस हवा. त्याला परत आणायचं तर त्याचं घर आधी उभं राहिलं पाहिजे."

मग गाव उठले. बेकरीतून जीवरक्षकांच्या घरोघरी रोज पाव जाऊ लागला. किराणावाल्याने धान्य पाठवले. घरमालक म्हणाला, "भाड्याचं नंतर बघू." चांभाराने बगळ्याच्या मुलीच्या पायाचे माप घेतले आणि कोणाला काही न सांगता बूट शिवून दारात ठेवले.

ज्या दिवशी चांभाराचे बूट आले, त्याच दिवशी बगळा कारखान्यातून थेट किनाऱ्यावर आला. बर्फाने त्याचे हात लालभडक झाले होते. मावशी खुर्चीवर होत्या. तो समोर उभा राहिला, पण मान वर करू शकेना.

मावशी सावकाश खाली उतरल्या. त्यांनी मला आपल्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातले.

"माझ्याकडे नको बघूस, बाळा," त्या म्हणाल्या. "पाण्याकडे बघ."

तो खुर्चीवर चढला. त्याची छाती हुंदक्यांनी हलत होती आणि तिच्यावर मीही हलत होते. पण त्याची नजर पाण्यावरून ढळली नाही.

पुढे एके सकाळी किनाऱ्यावरच्या एकाही दुकानाचे दार उघडले नाही. सगळे गाव पालिकेच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "फाईल वर गेली आहे. जरा धीर धरा."

मावशी उठून उभ्या राहिल्या. "साहेब, तुमची फाईल वर गेली आणि माझा मुलगा खाली गेला. आणखी किती धीर धरू?"

साहेबांनी मान खाली घातली. त्या दिवशी ते जेवायला घरी गेले नाहीत, आणि पायऱ्यांवरचेही कोणी उठले नाही. लगेच सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. पायऱ्यांवर पुन्हा पुन्हा बसावे लागले. अखेर ठेका रद्द झाला. जीवरक्षकांना पालिकेने आपल्याकडे घेतले आणि अडलेले पगार मिळाले. बरेचसे जण परतले. ढोल आला नाही. त्याचे बस्तान तिकडेच बसले होते. रंगारी मुलगाही आला नाही. काही गोष्टी पगाराने भरून येत नाहीत, मित्रांनो.

मावशी अजूनही बेकरी आवरून खुर्चीखाली येऊन बसतात. परवाची गोष्ट. एक कॉलेजचा तरुण सांगूनही शांत पाण्याकडे गेला आणि ओढला गेला. बगळ्याने मला वाजवले, उडी घेतली आणि त्याला बाहेर आणले. वाळूवर तो खोकत पडला होता. मावशी तरातरा पुढे गेल्या. त्यांनी आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग टॉवेल घेऊन त्याचे डोके खसाखसा पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. केस कोरडे झाले तरी त्यांचा हात थांबेना. शेवटी त्या म्हणाल्या, "जा, घरी जा. आई वाट बघत असेल."

मित्रांनो, मी आता थकले आहे. लवकरच माझ्या जागी नवी शिट्टी येईल, आणि ते योग्यच आहे. तिचा आवाज ऐकू आला की कुरकुर न करता पाण्याबाहेर या. आणि बाहेर आलात की तसेच निघून जाऊ नका. खुर्चीवरच्या माणसाला हाक मारा, "दादा, जेवलात का? घरी सगळं ठीक आहे ना?" असे विचारा. त्याच्या उत्तरासाठी क्षणभर थांबा. तो तुमच्याकडे बघणार नाही, त्याचे डोळे पाण्यावर असतील. पण त्याला ऐकू येईल.